फुटबॉल-समर्थकांचे समाजमाध्यमांवरील विडंबन : घडण, भाषा आणि मर्यादा

बीजशब्द : विडंबन, समर्थकसंस्कृती, फुटबॉल, मीम, समाजमाध्यमे, फलकभाषा

प्रास्ताविक

मराठीत विडंबन म्हटले की अभ्यासकाच्या मनात प्रथम 'झेंडूची फुले' येतात. केशवकुमार, म्हणजेच आचार्य अत्रे, यांचा हा संग्रह १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि विडंबन ही मराठीतील एक दखलपात्र रचना ठरली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत विडंबनाची माध्यमे बदलत गेली. नियतकालिके, रंगभूमी, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी असा प्रवास करीत ते आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येऊन स्थिरावले आहे. तेथे लिहिणाऱ्यांना आपण विडंबन लिहीत आहोत याची बहुधा जाणीवही नसते.

मौद्यासारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी उत्तररात्री दीड वाजता चॅम्पियन्स लीगचा सामना पाहतो आणि सकाळच्या पहिल्या तासिकेपूर्वी पराभूत संघाच्या नावे 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फलक तयार करून मित्रांच्या समूहावर टाकतो. संघाच्या बोधचिन्हाला हार घातलेला असतो, 'शोकाकुल' या शब्दाखाली मित्रांची नावे असतात, आणि दशक्रिया विधी पुढील सामन्याच्या दिवशी ठेवलेला असतो. ही रचना क्षुल्लक वाटते खरी. परंतु तीत एका परिचित साच्याचे अनुकरण आहे, त्या साच्याला न शोभणारा आशय आहे, आणि त्या दोहोंच्या घर्षणातून निर्माण होणारे हास्यही आहे. विडंबनाची म्हणून जी लक्षणे आपण वर्गात शिकवतो ती सर्व तीत आढळतात.

फुटबॉल-समर्थकांच्या संस्कृतीवर मराठीत केली जाणारी ही विडंबने कशी घडतात, कोणती यशस्वी होतात, आणि कोणती लेखकालाच अडचणीत आणतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. येथे 'चाहता' हा शब्द न योजता 'समर्थक' हा शब्द हेतुतः योजला आहे. चाहता एखाद्या खेळाडूवर प्रेम करतो; समर्थक एका बाजूला उभा राहतो, म्हणजेच त्याला प्रतिपक्ष असतो. प्रतिपक्षाशिवाय या विडंबनाला जन्मच नाही.

'आपण' जिंकलो, 'ते' हरले

समर्थकाच्या वर्तनातील कोणती गोष्ट विडंबनास सर्वांत अनुकूल आहे, असे विचारल्यास त्याचे सर्वनाम, असे उत्तर द्यावे लागेल. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. (तेथील 'फुटबॉल' हा हाताने खेळावयाचा निराळाच खेळ आहे, परंतु समर्थक मात्र सर्वत्र सारखेच.) विद्यापीठाचा संघ शनिवारी जिंकला, तर सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणाऱ्यांचे प्रमाण वाढते, आणि विजयाचे वर्णन करताना विद्यार्थी प्रथमपुरुषी बहुवचन अधिक वापरतात, पराभवाचे वर्णन करताना ते सर्वनाम मागे पडते, असे त्यांना आढळले. दुसऱ्याच्या यशाच्या प्रकाशात ऊब घेण्याची ही वृत्ती आहे.

मराठीत ही वृत्ती अधिक रंगतदार होते, कारण आपल्या भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' असा भेद आहे. ऐकणाऱ्याला सामावून घेणारा 'आपण', आणि त्याला वगळणारा 'आम्ही'. एकाच संघाचे दोन समर्थक भेटले की 'आपण जिंकलो'; प्रतिस्पर्धी समोर आला की 'आम्ही तुम्हाला धुतले'. पराभवानंतर मात्र 'आपण' आणि 'आम्ही' दोन्ही अंतर्धान पावतात आणि 'ते' अवतरतात : 'त्यांना बचावच करता येत नाही', 'त्यांनी प्रशिक्षक बदलावा'. या स्थित्यंतराचा नेमका क्षण पकडणारी पोस्ट अशी असू शकेल :

'आपण तीन–शून्यने आघाडीवर होतो म्हणून जेवायला उठलो. परत आलो तेव्हा ते तीन–चारने हरले होते.'

विशेषण नाही, शिवी नाही, चित्रही नाही. केवळ सर्वनाम बदलले आहे. ज्याने असा सामना पाहिला आहे तो हसतो, आणि हसताना स्वतःलाच ओळखतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकारातील उत्तम विडंबनाची ही कसोटी आहे. ज्याच्यावर ते केले आहे त्याला ते प्रथम कळले पाहिजे. अत्र्यांची विडंबने टिकली ती याच कारणाने. ते स्वतः गडकऱ्यांना गुरू मानणारे, कवितेत मुरलेले गृहस्थ होते. ज्या काव्यरीतीची त्यांनी थट्टा केली तिचे वृत्त, तिचे लाडके शब्द आणि तिचे उसासे त्यांना आतून ठाऊक होते. लिंडा हचन यांनी 'अ थिअरी ऑफ पॅरडी' (१९८५) या ग्रंथात विडंबनाला चिकित्सक अंतर राखून केलेली पुनरावृत्ती म्हटले आहे. त्यातील 'पुनरावृत्ती' हा भाग आपण बऱ्याचदा विसरतो. जे आधी आत्मसात केलेले नाही त्याची पुनरावृत्ती करता येत नाही.

पेठ, तालीम आणि फलक

महाराष्ट्रात फुटबॉलच्या समर्थकसंस्कृतीचे खरे पीठ कोल्हापूर होय. संस्थानकाळात राजाश्रयाने रुजलेला हा खेळ तेथे पेठांनी आणि तालमींनी आपलासा केला. संघांच्या नावांतूनच हे दिसते : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. तोच गणेशोत्सवाचे मंडळ चालवतो आणि त्याचाच फुटबॉल संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर उतरतो. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

विश्वचषकाच्या काळात याच पेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे ध्वज लागतात, मेस्सी, रोनाल्डो आणि नेमार यांचे फलक उभे राहतात. फलकावरील मजकूर कोल्हापुरी असतो. 'नाद खुळा', 'विषय हार्ड' ही बिरुदे पैलवानाला जशी लागतात तशीच रोझारिओत जन्मलेल्या मेस्सीला लागतात. येथे एक गंमतीची अडचण उपस्थित होते. मूळ फलकच जर इतका अतिशयोक्त असेल, तर त्याचे विडंबन करणार कसे? केरळात कोझिकोड जिल्ह्यातील पुल्लावूर येथे २०२२ च्या विश्वचषकापूर्वी अर्जेंटिनाच्या समर्थकांनी नदीपात्रात मेस्सीची प्रचंड प्रतिमा उभारली. ब्राझीलच्या समर्थकांनी त्याहून उंच नेमार उभा केला. मग त्या दोहोंहून उंच रोनाल्डो आला. फिफाने स्वतः ते छायाचित्र जगापुढे ठेवले. ही भक्ती की भक्तीची थट्टा, हे सांगणे कठीण आहे. बहुधा दोन्ही. कोलकात्यात ईस्ट बंगाल जिंकल्यास हिलसा आणि मोहन बागान जिंकल्यास कोळंबी असा मत्स्यसंकेत दीर्घकाळ चालत आला आहे; तेथेही समर्थकाने स्वतःवर हसण्याची सोय संस्कृतीतच करून ठेवली आहे.

तथापि कोल्हापूरच्या उदाहरणातून अधिक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. तेथील समर्थक एकाच वेळी दोन पातळ्यांवर वावरतो. मेस्सीचे विडंबन करण्यास त्याला काहीही मोजावे लागत नाही, कारण मेस्सी ती पोस्ट वाचणार नाही. परंतु पेठेच्या संघाच्या गोलरक्षकाने सोपा चेंडू सोडला आणि त्यावर कोणी विडंबन केले, तर त्या गोलरक्षकाची आई पुढच्या गल्लीत राहते. तो स्वतः दिवसभर कुठेतरी काम करून संध्याकाळी सरावाला येणारा मुलगा असतो. प्रेक्षकांतील हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग कोल्हापूरने पाहिले आहेत. मैदानावरील वाद समर्थकांच्या भ्रमणध्वनीवर गेल्यावर तो तेथेच विझेल असे मानण्याचे कारण नाही. अंतर जितके कमी, तितकी विडंबनाची किंमत अधिक. दूरच्या संघावर केलेली पोस्ट आणि शेजारच्या पेठेवर केलेली पोस्ट शब्दशः एकच असली, तरी त्या दोन निराळ्या कृती ठरतात.

साचा आणि मजकूर

आता प्रत्यक्ष घडणीकडे वळू. जगभर पसरलेली मीम, म्हणजे एक ठरावीक चित्र आणि त्यावर बदलता मजकूर, हीही विडंबनाचीच एक रीत आहे. 'मीम' हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये 'द सेल्फिश जीन' या ग्रंथात सांस्कृतिक अनुकरणाच्या एककासाठी योजला होता. परंतु त्या चित्रांतील विनोद बहुधा आयात केलेला असतो. मराठी समर्थकाची प्रतिभा खुलते ती आपल्या सार्वजनिक जीवनातील छापील साचे उचलताना. वाढदिवसाचा फलक, लग्नपत्रिका, श्रद्धांजली, शासन निर्णय, मंडळाची वर्गणीची पावती, राशिभविष्य. या साच्यांची भाषा इतकी घट्ट ठरलेली आहे की एक शब्द बदलला तरी तो उठून दिसतो.

लग्नपत्रिकेचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील आर्सेनल या संघाने २००३–०४ च्या हंगामात एकही सामना न हरता प्रीमियर लीग जिंकली. पुढील वीस हंगामांत ते विजेतेपद त्यास पुन्हा मिळाले नाही. या वीस वर्षांच्या प्रतीक्षेवर बेतलेली, प्रस्तुत लेखासाठी रचलेली ही पत्रिका :

'आमचे येथे श्रीकृपेकरून चि. आर्सेनल (मु. उत्तर लंडन) यांचा शुभविवाह चि. सौ. कां. प्रीमियर लीग हिचेशी येत्या मे महिन्यात करण्याचे योजिले होते. तथापि वधूपक्षाने याही वर्षी अन्य स्थळ पसंत केल्याने कार्य पुढील वर्षावर गेले आहे. मंडप तोच राहील. आहेर परत मिळणार नाही. – आपले नम्र, समस्त समर्थक परिवार. किलबिल : आमच्या आजोबांच्या लग्नाला पुढच्या वर्षी नक्की यायचं हं!'

हास्य नेमके कोठे निर्माण होते ते पाहावे. 'श्रीकृपेकरून', 'योजिले', 'हिचेशी' हे शब्द आज लग्नपत्रिकेखेरीज फारसे कोठे जिवंत नाहीत. त्यांच्यामुळे साचा तत्काळ ओळखू येतो. 'मंडप तोच राहील' या तीन शब्दांत समर्थकाची चिकाटी आहे. आणि 'किलबिल'मध्ये 'काका' किंवा 'दादा' यांच्या जागी 'आजोबा' आल्याने वीस वर्षे उलटल्याचे कोणत्याही आकड्याशिवाय कळते. शिवाय ही पत्रिका त्या संघाच्या समर्थकानेच काढली आहे अशी तिची बतावणी आहे. प्रतिस्पर्ध्याने ती पाठवली तरी तिच्यात कडवटपणा उरत नाही.

शासन निर्णयाचा साचा शिक्षकवर्गास अधिक परिचित. 'विषय : उत्तररात्री सामना पाहून सकाळच्या पहिल्या तासिकेस देहाने उपस्थित राहणाऱ्या समर्थकांस जागरण भत्ता मंजूर करणेबाबत.' त्याखाली 'वाचा' या शीर्षकाचा मजकूर : 'मातोश्रींचे तोंडी आदेश, दि. रोजचेच.' आणि निर्णयात एक अट : 'संघ पराभूत झाल्यास भत्ता दुप्पट राहील, तथापि त्याकरिता डोळे सुजल्याचा दाखला वर्गमित्राकडून साक्षांकित करून घ्यावा.' येथे शासनाची थट्टा आनुषंगिक आहे. विडंबनाचा खरा विषय आहे तो समर्थकाची ही समजूत, की त्याचे जागरण ही एक सार्वजनिक सेवा असून तिची कोणीतरी अधिकृत नोंद घ्यावी.

फसणाऱ्या पोस्टचे निदानही यावरून करता येते. खेळाडूचा चेहरा गाढवाच्या धडावर चिकटवणे, प्रतिस्पर्धी समर्थकास शिवी देणे, पराभवाचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिणे यांत साचा नाही, म्हणून विडंबनही नाही. तो उपहास, किंवा निव्वळ टवाळी. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगून त्यांची उत्तम, मध्यम आणि अधम अशी विभागणी केली आहे. पत्रिका वाचून येते ते स्मित किंवा हसित. गाढवाच्या धडाला मिळते ते फार तर अपहसित, आणि तेही एकदाच.

बोलीविषयी एक मुद्दा विदर्भातील वाचकांपुढे मांडणे अगत्याचे वाटते. परदेशी प्रशिक्षकाच्या तोंडी वऱ्हाडी किंवा नागपुरी संवाद घालून केलेली ध्वनिचित्रफीत हमखास हशा मिळवते. पण हसू कशाचे, हे तपासावे. प्रीमियर लीगचा गर्विष्ठ प्रशिक्षक 'काय राजेहो, ही काय पद्धत झाली का' असे म्हणत पारावर येऊन बसतो, तेव्हा त्याचा डौल उतरतो आणि बोलीचा मान वाढतो. उलट, मूर्ख समर्थक वऱ्हाडी बोलतो आणि शहाणा समर्थक प्रमाण मराठी, अशी मांडणी असेल, तर ते विडंबन फुटबॉलचे नसून खेड्याचे आहे. आपल्या विद्यार्थ्यांना हा भेद सांगितला, तर तो ते चटकन पकडतात. तो त्यांच्या जगण्याचा भाग आहे.

असाच दुसरा प्रकार मुलींच्या बाबतीत घडतो. एखाद्या विद्यार्थिनीने फुटबॉल पाहते असे सांगितले, की तिला 'ऑफसाइड म्हणजे काय ते सांग' अशी परीक्षा द्यावी लागते. येथे विडंबनाचा रोख परीक्षकावर असावा. 'समर्थक पात्रता परीक्षा. प्रश्न १ : ऑफसाइडचा नियम सोदाहरण स्पष्ट करा (५० गुण, केवळ मुलींसाठी). मुलांनी प्रश्न २ सोडवावा : आवडत्या संघाचे नाव लिहा (५० गुण).' ही प्रश्नपत्रिका ज्याला टोचेल त्यालाच ती टोचावी अशी तिची योजना आहे.

दूरस्थ भक्ती

या संस्कृतीतील सर्वांत मोठी विसंगती मात्र अद्याप मराठी विडंबकांनी पुरेशी हाताळलेली नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरी येथे इंटरकॉन्टिनेंटल चषक स्पर्धा झाली. चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्यात भारताने पाच–शून्य असा विजय मिळवला. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीद्वारे आवाहन केले. युरोपीय संघांच्या समर्थकांना उद्देशून त्याचे म्हणणे असे होते की, आमचा दर्जा तेथवरचा नाही हे मान्य. पण मैदानावर या, आमच्यावर टीका करा, ओरडा, शिव्या द्या, पण या. केनियाविरुद्धचा पुढील सामना हा छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता, आणि त्याला अंधेरीचे मैदान भरले.

एका समाजमाध्यमी पोस्टने मैदान भरले, ही या प्रकरणाची एक बाजू. कर्णधाराला तशी विनवणी करावी लागली, ही दुसरी. सात वर्षांनी, १३ डिसेंबर २०२५ रोजी, कोलकात्यात मेस्सीच्या दर्शनासाठी हजारो रुपयांची तिकिटे काढून आलेल्या प्रेक्षकांना तो जेमतेम दिसला आणि सॉल्ट लेक स्टेडियममध्ये खुर्च्या व बाटल्या फेकल्या गेल्या. स्टेडियम भरले होते ते सामन्यासाठी नव्हे, दर्शनासाठी.

ही विसंगती नागपूर परिसरात अधिक जवळून पाहता येते. मौद्याहून फारसे दूर नसलेले कामठी हे १८२१ मध्ये वसलेल्या लष्करी छावणीचे गाव. तेथील रब्बानी क्लबचे नाव विदर्भातील फुटबॉलप्रेमींना सांगावे लागत नाही. नागपुरात राहुल क्लब आहे, यंग मुस्लिम फुटबॉल क्लब आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांना घेऊन 'स्लम सॉकर'चा उपक्रम सुरू केला, तोही नागपुरातच. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (२०२२) हा चित्रपट त्यावर आधारित आहे. तरीही आपल्या वर्गात दहा क्रमांकाचा निळा-पांढरा सदरा घालून बसलेल्या विद्यार्थ्याने कामठीच्या मैदानावर एकही सामना पाहिलेला नसतो. त्याच्यावरील विडंबन असे करता येईल :

'बेपत्ता आहे. नाव : कट्टर समर्थक. वय वर्षे १९. अंगावर अर्जेंटिनाचा सदरा. मँचेस्टरमधील पावसाची खडान्खडा माहिती आहे. शेवटचे दर्शन : पडद्यासमोर, उत्तररात्री अडीच वाजता. घरापासून वीस मिनिटांवर सामना चालू असून सदर इसम तेथे आढळून आल्यास कळवू नये, बसू द्यावे.'

येथे हसू आहे, परंतु शेवटच्या दोन शब्दांत निमंत्रणही आहे. खेळाडूवर न हसता न आलेल्या प्रेक्षकावर हसणारे असे विडंबन स्थानिक संघांच्या समर्थकांनी केले, तर छेत्रीच्या चित्रफितीचेच काम ते लहान प्रमाणावर करील.

मारबत आणि पोस्ट

विदर्भातील माणसाला सार्वजनिक विडंबन नवे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून आणि पिवळीची १८८५ पासून सांगितली जाते. त्यांच्यासोबत निघणारे बडगे हे तर चालतेबोलते व्यंगचित्रच. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, कधी एखादी व्यक्ती; गळ्यात पाटी अडकवून त्यांची धिंड निघते, सारी पीडा घेऊन जाण्याविषयी मारबतीला आरोळी दिली जाते आणि शेवटी दहन होते.

या प्रथेला चौकट आहे. दिवस ठरलेला, मार्ग ठरलेला, पाहणारे तेच आणि शेवटी अग्नी. शिमग्याच्या शिव्यांनाही अशीच मुदत होती. त्यामुळे आज ज्याची धिंड काढली त्याच्या दुकानावरून उद्या पुन्हा जाता येते. समाजमाध्यमांवरील पोस्टला ही चौकट नाही. बडगा जळतो, पडद्याचे छायाचित्र जळत नाही. मित्रांच्या समूहात सामन्याच्या रात्री विनोद असलेली पोस्ट सहा महिन्यांनी, संदर्भ गळून, दुसऱ्या समूहात पुरावा म्हणून फिरते.

नॅथन पो या गृहस्थाने २००५ मध्ये आंतरजालावरील एका चर्चेत असे निरीक्षण मांडले की, विनोदाची स्पष्ट खूण नसेल तर टोकाच्या मतांचे असे विडंबन करताच येत नाही, की जे कोणालातरी खरे वाटणार नाही. हे 'पोचा नियम' म्हणून ओळखले जाते. फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या बदलीच्या बातम्यांबाबत तो रोज प्रत्ययास येतो. नामांकित पत्रकाराच्या नावात एक अक्षर बदलून विडंबनाचे खाते उघडले जाते, आणि त्याची थाप वृत्तपत्रे छापतात. एक्स या माध्यमाने एप्रिल २०२५ पासून अशा खात्यांना नावाच्या आरंभीच विडंबनाचा उल्लेख करणे बंधनकारक केले. परंतु छायाचित्र काढताना वरची ओळ कापली, की तो उल्लेखही कापला जातो.

म्हणून चौकट पोस्टच्या आत, मजकुरातच विणावी लागते. वरील 'शासन निर्णया'तील डोळे सुजल्याचा दाखला हे काम करतो. तो कापून टाकला तर पोस्टच उरत नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'केवळ मनोरंजनासाठी' असे लिहिण्यापेक्षा ही रीत अधिक खात्रीची आहे. साचा जितका हुबेहूब, तितका मजकूर अशक्य हवा.

कायद्याची बाजू

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील एका साध्या अभिप्रायावरून दोन तरुणींना अटक झाली होती. तो विनोदही नव्हता. ज्या तरतुदीचा त्यावेळी आधार घेतला गेला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. तथापि त्यामुळे सर्व काही मोकळे झाले असे विद्यार्थ्यांनी समजू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गटांत वैर वाढवणे (कलम १९६) आणि बदनामी (कलम ३५६) हे अपराध आहेतच. ज्या कोल्हापुरात फुटबॉलच्या पेठा आहेत त्याच शहरात जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील 'स्टेटस'वरून तणाव निर्माण होऊन इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली होती. त्याचा फुटबॉलशी संबंध नव्हता, पण भ्रमणध्वनी तेच होते. पेठ, जात, धर्म यांच्या सीमारेषा आपल्याकडे एकमेकींवरून जातात. संघावर केलेला विनोद वस्तीवर कधी घसरतो हे करणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. युरो स्पर्धेच्या ११ जुलै २०२१ रोजीच्या अंतिम सामन्यात पेनल्टी चुकलेल्या इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर जे लिहिले गेले, तेही अनेकांनी थट्टेच्या नावाखालीच लिहिले होते.

समूहाच्या प्रशासकांना धीर देणारा एक निर्णय आपल्याच खंडपीठाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे स्पष्ट केले की, समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत दिसून येत नसेल तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल व्हॉट्सॲप समूहाच्या प्रशासकास फौजदारीदृष्ट्या जबाबदार धरता येणार नाही. मजकूर टाकणाऱ्याला मात्र या निर्णयाने कोणतेही कवच मिळत नाही. संघांची बोधचिन्हे व छायाचित्रे वापरण्याबाबत १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ टीका व समीक्षेसाठीच्या उचित वापरास मुभा देते. विडंबनाचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही.

अध्यापनातील उपयोग

पदवी स्तरावर उपयोजित मराठी शिकवताना जाहिरात, निमंत्रण, निवेदन, परिपत्रक हे लेखनप्रकार कंटाळवाणे वाटतात, कारण विद्यार्थ्याला त्यांची गरज अजून पडलेली नसते. त्याच विद्यार्थ्यास आपल्या हरलेल्या संघाची लग्नपत्रिका लिहावयास सांगावी. विडंबन साधण्यासाठी त्याला मूळ पत्रिकेची भाषा बारकाईने पाहावी लागते. 'श्रीकृपेकरून' कोठे येते, 'आपले नम्र' खाली कोण येतात, हे त्याला कळल्याविना विनोद होतच नाही. प्रथम स्वतःच्याच संघावर लिहावे, असा दंडक ठेवल्यास वर्गातील वातावरण बिघडत नाही, आणि लेखनही सुधारते. वर्गातील निम्म्या मुलांना फुटबॉल ठाऊक नसेल तर कबड्डी किंवा क्रिकेट चालेल. सर्वनामे तेथेही तशीच बदलतात.

साच्यांच्या निवडीबाबत फारशी बंधने घालू नयेत. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचे परिपत्रक हा एक साचा मात्र वर्ज्य ठेवावा, कारण त्यात कितीही अशक्य मजकूर घातला तरी विद्यार्थी तो खरा मानतात, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयाबाहेर रांग लागते.